एक प्रश्न, तीन विद्या

सरकारी फाइलीच्या वेष्टनावर 'विषय' असा एक रकाना छापलेला असतो आणि त्यात एकच विषय लिहावा, असा कचेऱ्यांचा दंडक आहे. हा दंडक सोयीचा आहे. त्यावाचून आमचे कामकाज एक दिवसही चालावयाचे नाही. परंतु सृष्टीला तो ठाऊक नाही. बंगळुराच्या पूर्वेस कृष्णराजपुरम्, म्हणजे रोजच्या बोलण्यातले के. आर. पुरम, या वस्तीत जुन्या मद्रास रस्त्याजवळ वेंगय्यनकेरे नावाचे तळे आहे. कन्नडमध्ये 'केरे' म्हणजे तळे. अशा तळ्याचा कागद कोणत्या खात्याकडे जावा? पाणपक्ष्यांची गणना एका खात्याची, मासेमारीचा मक्ता दुसऱ्याचा, सांडपाणी तिसऱ्याचे, जमीन महसुलाची आणि पैसा अर्थखात्याचा. कागद खात्यांतून फिरत राहतो; तळे मात्र असते तेथेच असते.

शहरातील तळी बहुधा कशी बिघडतात ते पाहा. सांडपाण्याबरोबर नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतात, त्यांवर जलपर्णी फोफावते, तिच्या कुजण्यात पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे मरतात. पक्षी मोजणाऱ्याला एवढेच दिसते, की मासे धरणारे पक्षी कमी झाले. ते का कमी झाले, हे प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासल्यावाचून कळत नाही. आणि नमुना तपासल्यावरही एक प्रश्न उरतोच. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कोणी करावयाचा, आणि तळ्यामुळे आसपासच्या विहिरींना जे पाणी मिळते त्याची किंमत कोणाच्या वहीत जमा धरावयाची? हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. २००४ पासून पुढे राज्याच्या तलाव विकास प्राधिकरणाने काही तळी खासगी संस्थांकडे कराराने सोपविण्याचे धोरण स्वीकारले. हेब्बाळ आणि नागवार यांच्याबरोबर वेंगय्यनकेरेही त्या यादीत होते. २००८ मध्ये त्या धोरणाविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. तेव्हा न्यायालयापुढे जे मांडावे लागले त्यात पक्षी होते, पाण्याचे पृथक्करण होते आणि कराराचा हिशेबही होता. एका विद्येवर भागण्यासारखे ते प्रकरण नव्हते.

या भागात आणि पुढे व्हाइटफील्डकडे उद्योगधंद्यानिमित्त आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्यांतील मुले जेव्हा म्हणतात, की आम्हाला जंगलात हिंडावयाचे आहे, प्रयोगशाळेतही काम करावयाचे आहे आणि अर्थशास्त्राचीही ओढ आहे, तेव्हा घरात काळजीचे वातावरण पसरते. दोन दगडांवर पाय ठेवू नये ही आपली जुनी शिकवण. येथे तर दगड तीन. पालकांची काळजी मला निराधार वाटत नाही. तीन शास्त्रांच्या तीन पदव्या गोळा करणारा माणूस बहुधा कोणत्याच शास्त्राचा होत नाही. परंतु या तिन्ही विद्या एका आयुष्यात नांदविलेली माणसे याच शहरात होऊन गेली आहेत, आजही आहेत, आणि त्यांचे चरित्र पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांनी विषय बदलले नाहीत. हाती धरलेला प्रश्न जिकडे गेला तिकडे ती गेली.

यांतील पहिले नाव आपल्या ओळखीचे आहे. माधव गाडगीळ यांचा जन्म १९४२ साली पुण्यात झाला. वडील धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे आधारस्तंभ आणि पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. धनंजयरावांच्या नेतृत्वाखाली गोखले संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास करून १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला. कालव्याचा फायदा पाणीपट्टीच्या उत्पन्नावरून मोजावयाचा नसून त्यामुळे वाढलेली शेती, मजुरी, व्यापार, वाहतूक हे सर्व हिशेबात धरले पाहिजे, हा त्या अभ्यासाचा गाभा होता. हल्ली ही गोष्ट कोणीही सहज बोलून जातो. त्या काळी खेडोपाडी फिरून ती आकड्यांनी सिद्ध करावी लागली. असे अर्थशास्त्र घरात असता मुलाचे लक्ष मात्र पक्ष्यांकडे होते. वेड्या राघूच्या शेपटीतली लांब पिसे काही पक्ष्यांत दिसत नाहीत ती का, अशी शंका त्याला शाळकरी वयात आली, ती थेट सालिम अलींपर्यंत पोचली, आणि पिसे गळण्याच्या मोसमात ती पिसे झडतात, असा खुलासा तिकडून आला. वडिलांनी शंका हसण्यावारी नेली नाही, हा मुद्दा पालकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे.

फर्ग्युसन महाविद्यालयात प्राणिशास्त्र, मुंबई विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि मग अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ, असा पुढचा प्रवास. तेथे ते माशांच्या अभ्यासासाठी गेले आणि विल्यम बॉसर्ट या गणिती जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली आले. १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळाली. गाडगीळ आणि बॉसर्ट यांचा १९७० मधील निबंध आजही जगभर उद्धृत होतो, आणि त्यातली कल्पना कोणाही गृहिणीला पटेल अशी आहे. जिवाजवळ शक्तीची पुंजी मर्यादित असते. ती वाढीवर खर्च करावी, स्वतःच्या जिवाच्या राखणीवर करावी की संततीवर? काही जीव दरवर्षी थोडी थोडी संतती निर्माण करतात. सामन मासा किंवा बांबू यांसारखे जीव सगळी पुंजी एकाच वेळी उधळतात आणि मरून जातात. कोणत्या परिस्थितीत कोणता खर्च फायद्याचा, याचे गणित त्या निबंधात आहे. भाषा जमाखर्चाची, विषय जीवशास्त्राचा. दोन विद्यांमधली भिंत येथे मुळातच पातळ आहे, हे यावरून दिसेल.

१९७१ मध्ये गाडगीळ पती-पत्नी भारतात परतली. माधवरावांनी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत वा. द. वर्तक या वनस्पतिशास्त्रज्ञांबरोबर सह्याद्रीतील देवराया पायाखाली घातल्या. १९७३ मध्ये दोघेही बंगळुराच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाली. सतीश धवन तेव्हा संस्थेचे संचालक होते. माधवरावांची जागा होती सैद्धांतिक अभ्यासाच्या केंद्रात. म्हणजे कागद, पेन्सिल आणि समीकरणे. तेथून ते बांबूच्या बेटांकडे कसे वळले, हा माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत बोधप्रद भाग आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

१९७५ च्या सुमारास कर्नाटकात बांबूचा तुटवडा जाणवू लागला होता. बुरूड, ज्यांना कन्नडमध्ये मेदार म्हणतात, टोपल्या-सुपांसाठी बांबू मिळत नाही म्हणून हवालदिल झाले होते. दुसरीकडे कागद गिरण्यांना सरकारी जंगलातील बांबू वर्षानुवर्षे नाममात्र दराने मिळत होता. राज्याचे अर्थमंत्री त्या काळी एम. वाय. घोरपडे होते. संडूरच्या मराठी राजघराण्यातले हे गृहस्थ स्वतः वन्यप्राण्यांचे नाणावलेले छायाचित्रकार होते, आणि असा अर्थमंत्री लाभणे हाही एक योगच म्हणावा लागेल. बांबूच्या साठ्याची पाहणी करण्याचे काम गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांच्याकडे आले.

तुटवड्याचे कारण काय, याविषयी गिरणीचे उत्तर तयार होते: गावकऱ्यांची गुरे आणि गावकऱ्यांची तोड. पाहणीत निराळेच दिसले. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. तोडणाऱ्याला ते अडचणीचे वाटते. ते काढले म्हणजे बेट मोकळे होते आणि वाढ चांगली होते, अशी समजूत होती. म्हणून जाळे साफ करण्यात येत असे. परंतु पावसाळ्यात जमिनीतून वर येणारा कोवळा कोंब हे गुरांचे, वानरांचे, साळिंदराचे आवडते खाणे आहे, आणि त्या काट्यांच्या कुंपणामुळेच तो त्यांच्या तोंडी पडत नाही. कुंपण गेले की कोंब गेला. नवी काठी तयार होणे थांबले की बेट काही वर्षांत संपते. आसपासच्या गावकऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, इतकेच.

येथवरचा निष्कर्ष वन्यजीवशास्त्राचा. परंतु साध्या डोळ्यांना दिसणारी गोष्ट गिरणीच्या व्यवस्थापकांना इतकी वर्षे का दिसू नये? ते काही मूर्ख नव्हते. याचे उत्तर साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्रात सापडते. समजा, एखाद्या जंगलातला बांबू दरवर्षी शेकडा पाच या वेगाने वाढतो आणि भांडवलावर अन्यत्र शेकडा दहा सुटतात. मग निव्वळ नफा पाहणाऱ्याच्या दृष्टीने जंगल राखून ठेवण्यापेक्षा ते तोडून आलेला पैसा दुसरीकडे गुंतविणे फायद्याचे ठरते. कॉलिन क्लार्क या कॅनडातील गणितज्ञाने १९७३ मध्ये देवमाशाच्या शिकारीसंबंधी नेमके हेच गणित मांडून दाखविले होते, आणि एखादी जात समूळ नष्ट करणे हाही शिकाऱ्याच्या हिशेबाने 'किफायतशीर' मार्ग ठरू शकतो, हे पाहून पुष्कळांना धक्का बसला. त्यात माल जवळजवळ फुकट मिळत असला, तर जपणुकीची इच्छा आणखी कमी होते. जवळचे जंगल संपले की दूरचे, ते संपले की त्याहून दूरचे. बुरुडाला ही सोय नसते. त्याचे जंगल एकच, आणि त्याला माल बाजारभावाने घ्यावा लागतो. काट्याचे कुंपण आणि मालाचा दर या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू होत्या. त्यांतली एकच पाहणाऱ्याने एकतर कुंपण राखा असे सांगितले असते किंवा दर वाढवा असे सांगितले असते. आणि दोन्ही सल्ले अर्धवट राहिले असते.

आता प्रयोगशाळा. ती या कथेत कोठे येते, असे कोणी विचारील. तिच्यासाठी हत्तीचे उदाहरण घेतो. १९८० च्या आसपास गाडगीळांचे विद्यार्थी रामन सुकुमार कर्नाटक-तमिळनाडूच्या सीमेवरील डोंगरांत हत्तींचा अभ्यास करू लागले. हत्ती रात्री नाचणीच्या आणि भाताच्या शेतांत उतरतात, शेतकरी उद्ध्वस्त होतो, कधी माणूस मरतो, कधी हत्ती. जंगलात चारा नाही म्हणून हत्ती शेतात येतो, असे सर्वसाधारण मत होते. सुकुमारांनी शेतातील पिके आणि जंगलातील गवते यांचे रासायनिक पृथक्करण करून तुलना केली, तेव्हा पिकांत प्रथिने आणि क्षार अधिक असल्याचे दिसले. शेतात घुसण्यात जिवाचा धोका असतो. तो पत्करणाऱ्यांत कळपातल्या माद्यांपेक्षा एकटे फिरणारे नर फार पुढे असतात. उत्तम आहार मिळालेला नर धष्टपुष्ट होतो आणि त्याला संतती अधिक होण्याचा संभव असतो. म्हणून त्याच्या दृष्टीने धोका परवडतो. पुन्हा तोच जमाखर्च. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीच्या हाडांतील प्रथिनाची तपासणी केली. कार्बनचे दोन स्थिर प्रकार निसर्गात आढळतात. झाडे आणि उष्ण प्रदेशातील गवते त्यांचे प्रमाण निरनिराळे राखतात, आणि खाणाऱ्याच्या हाडांत ते प्रमाण उतरते. त्यामुळे मेलेल्या हत्तीचे हाड हे त्याच्या आयुष्यभराच्या आहाराचे टिपण ठरते. दुर्बिणीने जे वर्षानुवर्षे पाहून कळावयाचे नाही ते येथे यंत्राने सांगितले. आणि शेतकऱ्याला भरपाई किती द्यावी, कुंपणाचा खर्च कोठे सार्थकी लागेल, हा प्रश्न मग अर्थखात्याच्या दारात येतोच. आहाराचे रसायन ठाऊक नसेल, तर 'जंगलात चारा लावा' या योजनेवर पैसा खर्च होतो आणि हत्ती नाचणी खातच राहतो.

याच संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांची वाट उलट दिशेची. त्यांची डॉक्टरेट रेण्वीय जीवशास्त्रातली, म्हणजे अस्सल प्रयोगशाळेतली, १९७९ सालची. प्रयोगशाळेतील काम चालू असतानाच संस्थेच्या आवारातल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यांनी त्यांना वेड लावले, आणि पुढचे संशोधन त्यांनी त्या माश्यांच्या समाजरचनेवर केले. १९८३ मध्ये संस्थेत परिसरशास्त्राचे स्वतंत्र केंद्र निघाले आणि अशा माणसांना हक्काचे छप्पर मिळाले. छप्पर या शब्दावर मी मुद्दाम भर देतो. व्यक्तीची हिंमत कितीही असली, तरी तिचे टिपण कोणत्या रकान्यात बसवावे म्हणून न अडणारी एखादी संस्था असावी लागते.

सुलोचना गाडगीळ यांचे उदाहरण वन्यजीवांचे नसले तरी याच कुळातले आहे. त्या मॉन्सूनच्या शास्त्रज्ञ. समुद्र, ढग आणि वारे यांचे गणित हे त्यांचे क्षेत्र. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याला त्या गणिताचा उपयोग काय, या प्रश्नापायी त्या अनंतपूरच्या भुईमुगापर्यंत गेल्या. आणि २००६ मध्ये त्यांनी व सिद्धार्थ गाडगीळ यांनी दाखवून दिले, की तीव्र अवर्षणाने देशाच्या एकूण उत्पन्नाला बसणारा फटका इतक्या वर्षांनंतरही शेकडा दोन ते पाच इतका राहिला आहे. शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा घटला म्हणून पावसाचे महत्त्वही घटले, असे मानणाऱ्यांना हे उत्तर होते, आणि ते एका हवामानशास्त्रज्ञ स्त्रीने अर्थशास्त्राच्या अंगणात जाऊन दिले.

या वाटेची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी तरुणांची दिशाभूल केल्यासारखे होईल. दोन विद्यांच्या सीमेवर काम करणाऱ्याला दोन्हीकडचे लोक पाहुणा समजतात. निबंध पाठवावा तर जीवशास्त्राचे परीक्षक म्हणतात यात आकडे पैशांचे आहेत, अर्थशास्त्राचे म्हणतात यात पक्षी फार आहेत. बढतीच्या वेळी अर्धेच काम मोजले जाते. कायम जागा थोड्या. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पवृत्तीवर दिवस काढावे लागतात आणि संगणक कंपनीत गेलेला वर्गमित्र तोवर घर घेऊन मोकळा होतो. शिवाय एवढे करून निष्कर्ष मानला जाईलच असेही नाही. पश्चिम घाटासंबंधी गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात नकाशेही होते, ग्रामसभांना विचारा असा आग्रहही होता. राज्य सरकारांकडून त्याला विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. अहवालातील प्रत्येक शिफारस व्यवहार्य होती, असे माझ्यासारखा प्रशासक म्हणणार नाही. परंतु तो न वाचताच त्यावर बोलणारे मला अधिक भेटले.

तरीही ज्याला या वाटेने जावयाचे आहे त्याने काय करावे? प्रथम एका विद्येत हात पक्का करावा. गाडगीळांचा गणितात पक्का होता, सुकुमारांचा वनस्पतिशास्त्रात, गदगकरांचा प्रयोगशाळेत. तीन विद्यांचा परिचय आणि एका विद्येची मातब्बरी, हे प्रमाण उलटे झाले की माणूस सभांतून बोलण्यापुरता उरतो. संख्याशास्त्र मात्र सर्वांना हवे. जंगल, नळी आणि बाजार या तिन्ही ठिकाणी चालणारे नाणे तेवढे एकच आहे. शिक्षणाची सोय आज पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ मध्ये निघाली. बंगळुरातच राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात २००४ पासून वन्यजीवशास्त्र आणि संवर्धन यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, आणि त्याच आवारात वाघांच्या जनुकांवर प्रयोगशाळेत काम चालते. परिसरशास्त्र आणि समाजशास्त्रे यांना एकत्र आणणारी, कमल बावा यांनी स्थापिलेली 'अत्री' ही संस्था १९९६ पासूनची. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ मध्ये उभी केलेली सामाजिक व आर्थिक परिवर्तनाची संस्थाही याच शहरात आहे. म्हणजे के. आर. पुरममधील मुलाला या तिन्ही विद्यांच्या दारांपर्यंत गाव न सोडता जाता येईल. भारतीय वनसेवेची परीक्षा हाही एक मार्ग आहे, आणि त्या सेवेत अर्थशास्त्र जाणणाऱ्या जीवशास्त्रज्ञांची उणीव आहे, हे मी जवळून पाहिले आहे.

आणि एक गोष्ट अभ्यासक्रमात नाही. काट्यांच्या कुंपणाचे मर्म ज्या गावकऱ्यांना ठाऊक होते ते इंग्रजी बोलत नव्हते. मराठी घरातून येऊन येथे दहा दहा वर्षे राहिलेली आणि भाजीवाल्याशीही कन्नड न बोलणारी पुष्कळ मुले मी पाहतो. ज्याला या राज्याच्या जंगलात किंवा तळ्याकाठी काम करावयाचे आहे, त्याने पहिल्या वर्षीच कन्नड शिकावयास बसावे. संख्याशास्त्राच्याही आधी बसला तरी हरकत नाही.